पंपाच्या कामाला फ्लिप फोन पुरेल का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. गोव्यातल्या उसगावचे एक पंप आणि मोटर दुरुस्तीवाले विचारतात. हाताखाली दोन मुलगे आहेत. फिरणं फोंडा तालुक्यात आणि थोडं सत्तरीत, बहुतेक कुळागरांतून, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागांतून, विहिरी आणि बोअरवेलवर. वर्षभरात स्मार्टफोनची काच दोनदा गेली आणि पावसात फोन एकदा भिजून बंद पडला. कामावर मुलगे रील बघत राहतात, स्वतःचंही लक्ष उडतं. म्हणून तिघांनी घडीचे फ्लिप फोन घ्यावेत आणि स्मार्टफोन घरी ठेवावेत असं त्यांच्या मनात आहे. धंद्याला ते झेपेल का?

भाऊ, आधी सरळ उत्तर देतो. धंद्याचा कॉलचा नंबर बटणांच्या फोनवर न्या, ते तुम्हाला नक्की झेपेल. पण स्मार्टफोन घरी ठेवू नका, तो गाडीत ठेवा. तिघांत एक पुरे. आणि बटणांचा फोन घ्यायचाच तर घडीचा नको, सरळ पट्टीचा घ्या. मी फोंड्यात मोबाइलची दुरुस्ती आणि विक्री करतो. वायरमन, प्लंबर, ट्रकवाले, बागायतदार हीच माझी रोजची गिऱ्हाइकं, म्हणून तुमच्या कामाचा फोन कसा झिजतो हे मला चांगलं ठाऊक आहे.

फोन निवडताना लोक फोनकडे बघतात. मी म्हणतो, काम तुमच्यापर्यंत कोणत्या वाटेने येतं ते बघा. तुम्हाला कोणता फोन आवडतो यापेक्षा पलीकडचा माणूस तुम्हाला काय पाठवणार आहे यावर सगळं ठरतं. तो बोलणार असेल तर हजार-दोन हजारांचा फोनही लाखाच्या फोनइतकंच काम करतो. तो फोटो, व्हिडिओ, लोकेशन किंवा पैसे पाठवणार असेल तर मात्र तुमच्या हातात काय आहे याला किंमत येते.

आता तुमच्याच धंद्यातलं बघू. सकाळी सावई वेऱ्याहून एखाद्या भाटकाराचा, म्हणजे बागेच्या मालकाचा, फोन येतो: "मोटर घरघरता, पाणी उचलत नाही." तुमच्यासारखा जुना माणूस दोन प्रश्नांत अंदाज बांधतो, कपॅसिटर गेला की रोटर अडकला की एक फेज नाही. हे सगळं बोलण्यावर चालतं आणि बटणांच्या फोनवर झकास चालतं. बरेच कारागीर पुढे सांगतात, "फोन मोटरीजवळ धरा, आवाज ऐकवा." इथे एक गोष्ट लक्षात घ्या. जुन्या टूजी कॉलवर साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढ्याच पट्ट्यातला आवाज पलीकडे जातो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे मोटरीची मूळ घरघर १०० हर्ट्झच्या आसपास असते. म्हणजे ती त्या पट्ट्याच्या खालीच राहिली, तुम्हाला ऐकू येतात ते तिचे वरचे सूर. फोरजीच्या व्होल्टी कॉलवर पट्टा खाली ५० हर्ट्झपर्यंत उतरतो, पण तिथे गिऱ्हाइकाच्या फोनातलं गोंगाट कमी करणारं तंत्र आडवं येतं. एकसारखी चाललेली घरघर त्याला गोंगाट वाटते आणि ते ती दाबून टाकतं. म्हणून कॉलवर मोटर ऐकून "बेअरिंग ठीक आहे" असं ठरवू नका. दहा सेकंदांचा व्हिडिओ मागवला तर आवाज पुष्कळ खरा येतो, शिवाय पॅनेलवरची सुई आणि दिवेही दिसतात. आणि व्हिडिओ मागवायचा तर स्मार्टफोन हवाच.

नेमप्लेटचंही तसंच. किती एचपी, किती स्टेज, हेड किती, सिंगल फेज की थ्री फेज, हे गिऱ्हाइकाला फोनवर वाचून दाखवता येत नाही. पाटीवर चिखल असतो, अक्षरं झिजलेली असतात, आणि घरी असते ती म्हातारी आजी. पाटीचा एक फोटो मिळाला तर तुमची उसगाव ते केरी एक फेरी वाचते, कारण योग्य कपॅसिटर आणि स्टार्टरचे सुटे भाग पहिल्याच खेपेला गाडीत असतात. माल देणारा दुकानदारही आज दरपत्रक व्हॉट्सॲपवरच टाकतो. एखाद्या पंप कंपनीचं वॉरंटीचं काम घेत असाल तर मग प्रश्नच उरत नाही, काम ॲपवर येतं आणि सीरियल नंबरचा फोटो चढवल्याशिवाय क्लेम मिटत नाही.

लोकेशनचं उलट आहे. सगळे म्हणतात, "लोकेशन पाठवा." पण कुळागराचा रस्ता नकाशापेक्षा माणसाच्या तोंडून चांगला कळतो. "देवळाकडून खाली उतरा, व्हाळ (ओढा) ओलांडा, उजव्या हाताला चिऱ्यांची गडग (कुंपणाची भिंत) दिसेल, तिथे गाडी ठेवा आणि चालत या." नकाशावरची खूण बहुतेक वेळा घराची असते, विहीर असते खाली उतारावर. दिवाडीसारख्या बेटावर जायचं तर फेरीबोट कुठल्या धक्क्यावरून सोयीची आणि दुपारी गर्दी किती, हे घरमालकच सांगतो. यासाठी बटणांचा फोन आणि एक वही पुरते. आजकाल कित्येक बटणांच्या फोनांत आपोआप कॉल रेकॉर्ड होण्याची सोय असते, मेमरी कार्ड घातलं की झालं. गाडी चालवताना सांगितलेला पत्ता पोचल्यावर पुन्हा ऐकता येतो. गिऱ्हाइकाला मात्र तसं सांगून ठेवा. अँड्रॉइडवर हे आता अवघड झालं आहे. बाहेरून टाकलेल्या कॉल रेकॉर्डिंग ॲपवर गूगलने मे २०२२ पासून बंदी आणली, आणि गूगलचा स्वतःचा डायलर रेकॉर्डिंग सुरू होताच मोठ्याने घोषणा करतो.

आता पैशांचं. माझ्या मते तुमच्या प्रश्नातला सर्वांत नाजूक भाग हाच आहे, आणि फ्लिप फोन घ्यायला येणारे नेमकं यावरच अडतात. पैसे घ्यायला तुम्हाला स्मार्टफोन लागतच नाही. गाडीच्या दाराला आतून क्यूआर कोड चिकटवा, गिऱ्हाईक स्कॅन करेल, रक्कम सरळ बँकेत. जमा झाल्याचा एसएमएस बँकेत नोंदवलेल्या नंबरावर येतो, ते सिम बटणांच्या फोनात असलं तरी चालतं. काही बँका लहान रकमेचा एसएमएस पाठवत नाहीत, तेव्हा आधी बँकेत विचारून घ्या, नाहीतर बोलणारा साउंडबॉक्स घ्या. त्याच्यात स्वतःचं सिम असतं, तुमच्या फोनशी त्याचा संबंध नाही, थोडं मासिक भाडं पडतं. गिऱ्हाइकाने दाखवलेला "पेमेंट सक्सेसफुल"चा स्क्रीनशॉट कधीही धरू नका, तसला स्क्रीनशॉट बनवणारी खोटी ॲप आहेत. एसएमएस बघतानाही तो बँकेच्या नावाने आला आहे ना ते बघा. साध्या दहा आकडी नंबरावरून आला असेल तर तो बँकेचा नाही.

पैसे देण्याचं वेगळं. यूपीआय ॲप सुरू करताना तो फोन स्वतःहून एक एसएमएस पाठवतो, आणि तो बँकेत नोंदवलेल्या नंबराच्या सिमवरूनच जावा लागतो. म्हणजे बँकेला दिलेलं सिम बटणांच्या फोनात गेलं तर स्मार्टफोनवर ॲप नव्याने चालू करायच्या वेळी ते परत काढून तिकडे घालावं लागणार. नवीन फोनवर ॲप लावलं की पहिले २४ तास पाच हजारांचीच मर्यादा असते हेही ध्यानात ठेवा. चवथीच्या आदल्या दिवशी फोन बदलून मालाचे पैसे देता आले नाहीत म्हणून लोक माझ्याकडे धावत येतात, आणि त्यात दुकानदार काहीच करू शकत नाही.

बटणांच्या फोनवरून यूपीआय होत नाही असं नाही. स्टार ९९ हॅश डायल करून चालणारी सेवा २०१४ पासून देशभर आहे, आणि रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२ मध्ये खास साध्या फोनांसाठी यूपीआय १२३पे आणलं. फोन लावायचा, आवाज सांगेल तशी बटणं दाबायची. त्याची मर्यादा पाच हजारांवरून दहा हजार केली आहे. माझ्या दुकानात येणारे एक म्हातारे बागायतदार सुपारीच्या पाडेल्यांना, म्हणजे झाडावर चढून सुपारी काढणाऱ्यांना, यावरूनच पैसे देतात, अगदी निर्धास्तपणे. पण तुम्हाला दिवसातून तीन-चार जणांना, कधी वायरवाल्याला तर कधी रिवाइंडिंगवाल्याला, पैसे द्यायचे असतात. प्रत्येक वेळी ती आवाजाची पायरी चढणं जमणार नाही. अडीनडीला ते असू द्या, रोजचं म्हणून नको.

तर माझी मांडणी अशी. गाडीतल्या स्मार्टफोनात एक सिम: बँक, यूपीआय, व्हॉट्सॲप, ईमेल, जीएसटीचं जे काय असेल ते सगळं त्याच्यावर. खिशातल्या बटणांच्या फोनात दुसरं सिम, फक्त कॉलसाठी. गाडीवर आणि बिलबुकावर हाच दुसरा नंबर छापलेला असू द्या, आणि खाली लहान अक्षरांत "फोटो पाठवण्यासाठी" म्हणून पहिला. एकच नंबर दोन्हीकडे चालवायची जुनी युक्ती तुम्हाला कोणीतरी सांगेल. सिम साध्या फोनात ठेवायचं, ओटीपी तिथे घ्यायचा आणि व्हॉट्सॲप त्याच नंबरावर स्मार्टफोनात चालवायचं. आजवर ते चाललं. पण नोव्हेंबर २०२५ मध्ये दूरसंचार विभागाने मेसेजिंग ॲपना आदेश दिला की खात्याच्या नंबराचं सिम त्या फोनात असेल तरच ॲप चालावं. तेव्हा धंदा त्या युक्तीवर उभा करू नका. दोन सिमांचा खर्चही पूर्वीसारखा राहिलेला नाही. दूरसंचार नियामक ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये कंपन्यांना फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅक द्यायला लावले, आणि २०२५ च्या सुरुवातीला ८४ दिवसांचे पॅक पाचशे रुपयांच्या आत आले. रिचार्ज करताना दुकानदार डेटाचा पॅक पुढे करेल, तेव्हा "फक्त व्हॉइसचा द्या" असं स्पष्ट सांगा.

व्हॉट्सॲप बटणांच्या फोनवर चालतं का, हे रोज कोणीतरी विचारतं. कायओएस नावाच्या प्रणालीवरच्या बटणांच्या फोनांत चालत होतं, पण जून २०२४ पासून नव्याने डाउनलोड करणं बंद झालं आणि २०२५ मध्ये जुन्यांचाही आधार काढून घेतला. जुना साठा खपवायला "यात व्हॉट्सॲप आहे" म्हणून कोणी असा फोन विकत असेल तर घेऊ नका.

आता घडीचा की पट्टीचा. घडीच्या फोनाचा मोह मला कळतो. बंद केला की कॉल तुटतो, खिशात बटणं दाबली जात नाहीत, अंक मोठे असतात. नोकियाचा २६६० फ्लिप भारतात ऑगस्ट २०२२ मध्ये ४,६९९ रुपयांना आला. फोरजी, १४५० एमएएचची काढता येणारी बॅटरी, बाजूला तातडीच्या मदतीचं बटण. घरच्या वडीलधाऱ्यांसाठी मी तो आनंदाने सुचवतो. पण तुमचं काम वेगळं आहे. घडीच्या फोनात वरच्या आणि खालच्या भागाला जोडणारी एक कागदासारखी पातळ पट्टी असते, आम्ही तिला फ्लेक्स म्हणतो. उघडझाप होते तशी तीही दर वेळी वाकते. कामाच्या हातांनी, घाईत, एका बोटाने झटका देऊन उघडला जाणारा फोन याच ठिकाणी मरतो: आधी डिस्प्लेवर रेघा, मग आवाज जातो-येतो, मग पांढरा पडदा. जुन्या मॉडेलचा फ्लेक्स मिळता मिळत नाही. शिवाय बिजागरीत आपली तांबडी माती जाते. ती पिठासारखी बारीक असते आणि पावसाळ्यात ओली होऊन घट्ट बसते.

मोटरवाल्यांच्या फोनात मला आणखी एक गोष्ट नेहमी दिसते. इअरपीसची जाळी भिंगाखाली धरली की काळ्या केसांसारखी लव दिसते. ती धूळ नसते, ग्राइंडरची लोखंडी कीस असते. स्पीकरमध्ये चुंबक असल्यामुळे ती तिथे ओढली जाते आणि ब्रशने झाडली तरी निघत नाही. गिऱ्हाईक म्हणतं, "आवाज कमी झाला, फोन जुना झाला." फोनला काही झालेलं नसतं. चिकटपट्टीचा तुकडा जाळीवर दाबून उचलायचा, पुन्हा नवा तुकडा, असं चार-पाचदा केलं की आवाज मोकळा होतो. पिनेने खरवडू नका, आतला पडदा फाटतो. आणि शाफ्टवर ग्राइंडर चालू असताना फोन बाकावर उघडा ठेवू नका, एवढं पाळलं तरी निम्मा त्रास जाईल.

पाण्याबद्दल मी जरा जास्त बोलणार आहे, कारण जून ते सप्टेंबर माझ्या टेबलावर तेच काम असतं. स्मार्टफोनवर आयपी६८ हे पाणी-धूळ रोखण्याचं मानक लिहिलेलं असलं तरी ती चाचणी प्रयोगशाळेतल्या गोड्या, स्वच्छ पाण्यात, नव्याकोऱ्या फोनवर होते. काच एकदा बदलली की कारखान्यातलं सील गेलं. तुमची दोनदा बदलली आहे, म्हणजे तुमचा फोन आता पाण्यासाठी उघडाच आहे असं समजा. पेडणे-बार्देशच्या किनाऱ्यावरच्या विहिरींचं पाणी मचूळ असतं आणि मिठाने तांबं फार लवकर खाल्लं जातं. फोन उघडल्यावर चार्जिंगच्या जागेभोवती हिरवट थर दिसतो, तो त्याचाच. साध्या फोनाचा खरा फायदा इथे आहे: मागचं झाकण काढून बॅटरी तिथल्या तिथे बाहेर काढता येते. वीज तोडली की गंज चढण्याचा वेग एकदम उतरतो, कारण ओल्या सर्किटवर वीज खेळत असली की धातू झरझर झिजतो. स्मार्टफोनात बॅटरी चिकटवलेली असते, तो बंद केला तरी आत थोडी वीज उरतेच. फोन भिजला तर बॅटरी काढा, सिम काढा, पुसा, चालू होतो का म्हणून बघू नका, चार्जिंगला तर मुळीच लावू नका, आणि त्याच दिवशी आणून द्या. तांदळाच्या डब्यात ठेवून तिसऱ्या दिवशी आणलेल्या फोनात वाचवण्यासारखं फारसं उरलेलं नसतं. तांदूळ आतलं मीठ काढत नाही, ते आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवावं लागतं.

आणि ओल्या हातांचं तर तुम्हाला सांगायला नको. विहिरीवर उभं राहून, ग्रीसने माखलेल्या बोटाने टचस्क्रीनवर कॉल घ्यायचा म्हणजे तीनदा घासायचं आणि चौथ्यांदा तो कटतो. बटण चिखलातही दाबलं जातं. याच एका कारणासाठी मी तुमच्यासारख्यांना बटणांचा फोन डोळे मिटून देतो.

विकत घेताना नेटवर्कचं बघा, इथे पुष्कळ जण फसतात. सर्वांत स्वस्त बटणांचे फोन टूजीचे असतात. जिओचं टूजी नाहीच, २०१६ साली ते सुरूच मुळी फोरजीवर झालं. तेव्हा जिओचं सिम असेल तर खोक्यावर फोरजी आणि व्होल्टी दोन्ही लिहिलेलं हवं. एअरटेल आणि व्हीआयचं टूजी अजून चालू आहे, तरीही आज टूजीवर पैसे घालू नका. जिओभारतसारखे फोन हजाराच्या आसपास मिळतात पण त्यांत दुसऱ्या कंपनीचं सिम चालत नाही. तुमच्यासारख्याने, ज्याला डिचोलीत एक नेटवर्क मिळतं आणि वाळपईच्या पलीकडे दुसरंच, तसला बांधील फोन घेऊ नये. दोन सिमांचा मोकळा फोन घ्या आणि गावागणिक जी रेंज मिळते ती धरा.

आपल्याकडे घरोघरी कोणी ना कोणी बोटीवर, गल्फात किंवा लंडनला असतो, आणि तो येताना फोन आणतो. अमेरिकेतून आलेले फ्लिप फोन दिसायला सुंदर असतात. पण जिओचं फोरजी इथे ३, ५ आणि ४० या बँडवर (लहरींच्या पट्ट्यांवर) चालतं, आणि त्यांतले सगळे त्या फोनात असतातच असं नाही. बँड जुळला तरी व्होल्टी जुळेलच असं नाही, मग इंटरनेट येतं आणि कॉल लागत नाही. असा फोन आणवण्याआधी मॉडेल नंबर पाठवायला सांगा आणि बँड तपासून घ्या.

एक बाब स्मार्टफोनच्या बाजूने. जुन्या चिऱ्यांच्या घरांच्या भिंती जाड, खाली दरीतल्या कुळागरात रेंज शून्य, पण घरात वायफाय मात्र असतं. बहुतेक स्मार्टफोन वायफायवरून साधा कॉल करू शकतात. एअरटेलने डिसेंबर २०१९ मध्ये आणि जिओने जानेवारी २०२० मध्ये ही सोय सुरू केली. बटणांच्या फोनांत ती क्वचितच असते. घरमालकाकडे वायफायचा पासवर्ड मागायला लाजू नका, तिथून रिवाइंडिंगवाल्याला फोन लागला तर त्यांचंच काम लवकर होतं.

मुलग्यांबद्दल. त्यांचे स्वतःचे फोन काढून घेऊ नका, असं मी मनापासून सांगतो. ते त्यांच्या पैशांचे आहेत, घरून आईचा फोन येतो, आणि आजचा विशीतला मुलगा स्टार्टरची वायरिंग अडली तर व्हिडिओ बघून शिकतो. तो शिकतो ते तुमच्याच कामाला येतं. उलट दोघांना मिळून कामाचा एक बटणांचा फोन द्या. विहिरीवर उतरताना स्वतःचे फोन गाडीत, कामाचा फोन वर थांबलेल्याच्या खिशात. नियम पाण्याचा आणि विजेचा म्हणून सांगा, रीलचा म्हणून नको. खाली एक जण पाइप धरून आणि वर दुसऱ्याचा हात पॅनेलच्या स्विचवर, तेव्हा वरच्याची नजर पडद्यावर असणं हा जिवाचा प्रश्न आहे. हे त्यांना पटतं. आरडाओरडा करून फोन हिसकावला की महिन्याभरात मुलगा वेर्ण्याला कंपनीत लागतो. आणि त्या कामाच्या फोनवर तातडीचं बटण कसं चालतं ते दोघांना एकदा दाखवा. २०१७ पासून विकल्या जाणाऱ्या साध्या फोनांत ५ किंवा ९ चं बटण दाबून धरलं की तातडीचा कॉल जावा असा नियम आहे. ११२ तोंडपाठ असू द्या.

तुमच्या स्वतःच्या लक्ष उडण्याचं म्हणाल, तर कॉल खिशातल्या फोनवर आले की स्मार्टफोनला हात लावायचं मुख्य कारणच जातं. आपण कॉल घ्यायला उचलतो आणि मग बघत बसतो. तो गाडीच्या खणात असेल तर तुम्ही सकाळी निघताना, दुपारी जेवताना आणि संध्याकाळी हिशेबाला बघाल. फोटो पाठवणाऱ्याला तेवढं पुरतं. ज्याला घाई आहे तो फोन करतोच.

हे सगळं तुमच्या धंद्यापुरतं. वाचणाऱ्यांत इतरही असतील. अंगणवाडी सेविकेला पोषण ट्रॅकर ॲप भरायचं असतं, डिलिव्हरीवाल्याला आणि ॲपवरच्या टॅक्सीवाल्याला काम पडद्यावरच येतं, त्यांनी या विचारात पडू नये. स्टँडवरच्या पायलटाला, म्हणजे मोटरसायकल टॅक्सीवाल्याला, बटणांचा फोन आणि क्यूआर पुरतो. ज्यांच्या कामाच्या जागी कॅमेऱ्याचा फोन आत नेऊ देत नाहीत, औषधांचे कारखाने असोत की संरक्षण खात्याशी संबंधित आस्थापना, त्यांनी आधी फाटकावर नियम विचारावा. काही ठिकाणी बिनकॅमेऱ्याचा चालतो, काही ठिकाणी कुठलाच नाही. फ्लिप फोनांतही बहुधा कॅमेरा असतो, तेव्हा "साधा आहे" एवढ्यावर जाऊ नका.

फसवणुकीचंही सांगून टाकतो. लग्नपत्रिका किंवा चलन म्हणून येणारी एपीके फाइल (उघडली की फोनात ॲप बसवणारी) बटणांच्या फोनाचं काही करू शकत नाही. पण ओटीपी विचारणारा माणूस त्या फोनवरही बोलतोच, तेव्हा तिथे सावध राहावंच लागतं. पैसे गेले तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. फोन हरवला तर सरकारच्या संचार साथीवरून आयएमईआय, म्हणजे फोनाचा ओळख क्रमांक, बंद करता येतो. तो नंबर स्टार हॅश ०६ हॅश डायल करून आजच बिलबुकाच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, साध्या फोनाचाही.

शेवटी नंबर हलवायचं काम, ते घाईने करू नका. स्मार्टफोनातले नंबर गूगलवर असतात, ते बटणांच्या फोनात आपोआप येत नाहीत. सिमवर साधारण २५० बसतात आणि नावं देवनागरीत लिहिली तर अक्षरं कमी मावतात, म्हणून "केरी नाईक ५एचपी" असं गाव, आडनाव, पंप एवढंच लिहा. एसएमएसचंही तसंच, देवनागरीत ७० अक्षरांवर दुसरा मेसेज मोजला जातो. बाकीचे नंबर फोनाच्या मेमरीत घाला आणि एक प्रत कागदावर ठेवा, कारण हा फोन गेला तर त्यातले नंबर कुठूनही परत येत नाहीत. पाऊस संपल्यावर, नारळ-सुपारीची शिंपणं सुरू व्हायच्या आधी जो मोकळा आठवडा मिळतो त्यात हे करा. आणि जुन्या नंबरावर येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला महिनाभर नवा नंबर तोंडाने सांगत राहा.